समुद्रकाठची स्वस्त खोली : एक अभ्यास

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला, भूगोल)

दरवर्षीप्रमाणे यंदाही जानेवारी महिन्यात आमच्या भूगोल विभागाची अभ्याससहल निघाली. ठिकाण होते मालवण तालुक्यातील देवबाग. पंढरपुराहून निघालेली आमची गाडी कोल्हापूर, राधानगरी असे करीत फोंडा घाट उतरली, आणि कणकवली-कसालवरून मालवणास पोहोचली तेव्हा दिवस मावळला होता. माझ्या आयुष्यात समुद्र प्रथम कानांनी पाहिला असे म्हटले तर वाचकांनी हसू नये. अंधार पडला होता, डोळ्यांना काही दिसत नव्हते. नुसती गाज ऐकू येत होती.

निघण्यापूर्वीच सरांनी बजावले होते, "सहल म्हणजे मौज नव्हे. प्रत्येकाने एक विषय घ्यायचा, तीन दिवस निरीक्षण करायचे आणि परत आल्यावर लेखी अहवाल द्यायचा." कोणी सिंधुदुर्ग किल्ला घेतला, कोणी खारफुटी, कोणी रापणीची मासेमारी. माझा नंबर शेवटी आला. सगळे चांगले विषय संपले होते. मी म्हटले, "सर, आपण जिथे उतरणार आहोत ती खोली घेऊ का?" वर्गात हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. क्षणभर विचार करून म्हणाले, "घे. पण खोलीत कोणकोण झोपले ते लिहू नकोस. खोली तिथे का आहे, तशी का आहे आणि त्या किमतीला का आहे, ते लिही."

हा विषय मला का सुचला याचे खरे कारण मी तेव्हा कोणालाच सांगितले नव्हते. ते पुढे ओघाने येईलच.

स्थान

देवबाग हे गाव एका लांबट, चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर वसले आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी आणि दक्षिण टोकाला दोहोंचा संगम. मधल्या पट्टीवर माडांची दाट बने आणि त्यांत घरे. गावातून जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहिले की कित्येक ठिकाणी एका हाताला नदी आणि दुसऱ्या हाताला समुद्र अशी स्थिती. आमच्याकडे नदीचे वाळवंट असते, पण वाळवंटावर गाव असू शकते हे मला नवीन होते.

या किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी खोल्या काढण्याची चाल फार जुनी नाही. १९७५ साली महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला, १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. महामंडळाच्या न्याहरी-निवास योजनेमुळे राहत्या घरातील एक-दोन खोल्या पाहुण्यांना देणे पुष्कळांना जमू लागले. दुसरीकडे, १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र सरकारने किनारा नियमनाची अधिसूचना काढली. तिच्यामुळे ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत नवे हॉटेल बांधण्यास बंदी आली. हे अंतर ठरविणारे नियम पुढे २०११ आणि २०१९ मध्ये बदलले, परंतु किनाऱ्याच्या ठेवणीवर पहिल्या नियमाचा ठसा राहिला. समुद्राला अगदी लागून जी घरे आधीपासून होती, त्यांच्या पडवीला आणि मागीलदाराला खोल्या फुटल्या.

आम्ही उतरलो ते असेच एक घर. जांभ्या दगडाच्या भिंती, कौलारू छप्पर, पुढे ओटी, आणि बाजूने ओळीत चार खोल्या. दोन समुद्राकडे तोंड करून, दोन मागे माडांच्या बनाकडे. समुद्राकडच्या खोलीला रात्रीचे चौदाशे, मागच्या खोलीला नऊशे. आम्ही सहाजणी मागच्या दोन खोल्यांत तिघी-तिघी राहिलो. म्हणजे मुलीमागे रात्रीला तीनशे रुपये. मॅडमना अर्थातच मानाची, समुद्राकडची खोली मिळाली. सर आणि मुले शेजारच्या घरी उतरली.

खोलीत एक मोठा पलंग, जमिनीवर एक जादा गादी, पंखा, प्लास्टिकची खुर्ची, भिंतीला खुंट्या, आणि न्हाणीघरात दोन बादल्या व एक लोटा. एवढेच सामान. पाचशे रुपये कमी का, हा माझा पहिला प्रश्न होता.

वाऱ्याची दिशा

शाळेत आपण सर्वांनीच खारे वारे आणि मतलई वारे यांची व्याख्या पाठ केली आहे. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरून जमिनीकडे वारा येतो. तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, पाणी मात्र उष्णता धरून ठेवते, म्हणून वारा उलट दिशेने, जमिनीवरून समुद्राकडे जातो. तो मतलई वारा. मी ही व्याख्या सातवीपासून लिहीत आले आहे. पण तिचा खोलीच्या भाड्याशी काही संबंध असेल असे वाटले नव्हते.

मी दोन लाल रिबिनी घेतल्या. एक समुद्राकडच्या खिडकीच्या गजाला बांधली, दुसरी आमच्या मागच्या खिडकीला. तीन दिवस दर दोन तासांनी, जागी असेन तेव्हा, त्यांची दिशा वहीत टिपली. दुपारी बारानंतर समुद्राकडची रिबीन जोराने आत फडफडत होती. ती संध्याकाळपर्यंत तशीच. रात्री नऊच्या सुमारास दोन्ही रिबिनी लोंबत्या. मध्यरात्रीनंतर मात्र आमची मागची रिबीन हळूहळू खोलीत झुकू लागली आणि पहाटे पाच वाजता तर गार झुळूक अंगावर येऊन पांघरूण ओढून घ्यावे लागले. त्या वेळी समुद्राकडच्या खिडकीची रिबीन गजाबाहेर, समुद्राच्या दिशेला झुकली होती.

मौज अशी की, मॅडमच्या खोलीला खिडकी एकच, आणि तीही पश्चिमेला. दार मागच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामुळे अर्धेच उघडे. वारा आत यायला वाटच नाही. पहिल्या रात्री त्यांना उकाड्याने झोप लागली नाही. तिसऱ्या रात्री त्या आमच्या खोलीत गादी टाकून झोपल्या आणि सकाळी म्हणाल्या, "जादा पाचशे रुपये दृश्याचे आहेत, झोपेचे नव्हेत." हे वाक्य मी त्यांच्या परवानगीने अहवालात घेतले आहे.

खारी हवा आणि लोखंड

खोलीत शिरल्याबरोबर आमच्यातील एकीने नाक मुरडले होते. पंख्याच्या दांडीला गंज, खिडकीच्या गजांचे पोपडे सुटलेले, नळाची तोटी हिरवट, आणि चादर हाताला ओलसर. "नऊशे रुपयांत दुसरे काय मिळणार!" असे ती म्हणाली. मलाही प्रथम तसेच वाटले. पण दुसऱ्या दिवशी मी समुद्राकडची खोली पाहिली, तर तिथला गंज आमच्याहून अधिक. तेव्हा हा प्रकार केवळ हयगयीचा नसून भूगोलाचाही आहे हे लक्षात आले.

लाटा फुटताना पाण्याचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात. पाणी वाळते, मिठाचे कण राहतात, आणि खारा वारा ते घरात आणून सोडतो. मिठाचा गुण असा की हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते बाष्प ओढून स्वतः विरघळू लागते. म्हणून चादर धुतलेली आणि वाळलेली असूनही रात्री दमट लागते. लोखंडावर हेच खारे पाणी पातळ थरासारखे बसून राहते आणि गंज झपाट्याने चढतो. जांभ्या दगडाला त्याची फारशी पर्वा नाही, कौलांना नाही, माडाच्या वाशाला नाही. गंजते ते बाहेरून आलेले सामान : पंखा, मोटार, गज, बिजागऱ्या. घरमालकीण काकूंनी मला त्यांच्या अडगळीच्या खोलीत ठेवलेले तीन जळके पंखे दाखविले. पाहुण्याला जी खोली जुनाट वाटते, तिच्यातला पंखा कदाचित गेल्याच दिवाळीचा असतो.

विहिरीतील गोडे पाणी

आता मुख्य विषयाकडे वळते. पहिल्या संध्याकाळी खोलीची किल्ली देताना काकू म्हणाल्या होत्या, "पाणी जपान वापरा गो चेडवांनो. मे म्हयन्यात बाव खारी होता." आम्ही मान डोलावली आणि विसरून गेलो.

त्या घराची सारी भिस्त मागीलदारच्या एका विहिरीवर आहे. विहीर समुद्रापासून आमच्या महाविद्यालयाच्या मैदानाच्या लांबीइतक्याही अंतरावर नाही. तरी पाणी गोड! मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यातही हेच आश्चर्य आहे. १६६४ ते १६६७ या काळात छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर हा किल्ला बांधविला. चहूबाजूंनी समुद्र असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. त्यांची नावे ऐकून आमच्यातील काहींनी हात जोडले. हात जोडावेत असेच ते आहे. पण त्यामागचे शास्त्रही तितकेच सुंदर आहे.

देवबागेत ते असे चालते. पावसाचे पाणी वाळूत मुरते. खाली, वाळूच्या कणांमध्ये, समुद्राचे खारे पाणी आधीच भरलेले असते. खारे पाणी जड, गोडे हलके. एक लिटर गोड्या पाण्याचे वजन एक किलो धरले तर समुद्राच्या पाण्याचे सुमारे एक किलो पंचवीस ग्रॅम भरते. म्हणून गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत राहते, दुधावर साय तरंगावी तसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेदरलँड्समधील बादोन घायबेन यांनी आणि १९०१ मध्ये जर्मनीतील हर्झबर्ग यांनी याचा हिशेब मांडला. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर जितकी असेल, त्याच्या सुमारे चाळीस पट खोलीपर्यंत खाली गोडे पाणी असते. पातळी एक मीटर वर, तर खाली चाळीस मीटर.

हा नियम ऐकायला फार उदार वाटतो. पण तो उलटाही चालतो, आणि ते उलटे चालणे अहवालाचे मर्म आहे. पंपाने उपसून विहिरीची पातळी एक वीत खाली गेली आणि तशीच राहिली, तर खालची खाऱ्या पाण्याची सीमा चाळीस विती वर सरकू पाहते. त्यात देवबागेची पट्टी चिंचोळी. एकीकडून समुद्र, दुसरीकडून भरतीचे पाणी चढणारी खाडी. अशा ठिकाणी गोड्या पाण्याची साय मुळातच पातळ असते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्या पंढरपूरच्या कितीतरी पट. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. पुढचे आठ महिने विहीर साठवणीवर जगते, आणि नेमके तेच आठ महिने पाहुण्यांचे.

किती खारे पाणी आत आले म्हणजे विहीर बिघडते? समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी क्लोराइड सुमारे १९ ग्रॅम. भारतीय मानक ब्युरोने पिण्याच्या पाण्यातील क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम ठेवली आहे. गणित करून पाहावे : हजार लिटर निर्मळ पाण्यात जेमतेम तेरा-चौदा लिटर समुद्राचे पाणी मिसळले की ही मर्यादा गाठली जाते. एका टाकीला एक बादली! मी हे गणित तीनदा तपासले.

मग मला आमच्याच बादल्या मोजण्याची बुद्धी झाली. न्हाणीघरातील बादली १५ लिटरची. दारामागे खडूने रेघा मारायच्या असे आम्ही ठरविले. समुद्रात डुंबून यायचे, वाळू धुवायची, पुन्हा डुंबायचे, पुन्हा धुवायची. दिवसअखेर सहाजणींच्या रेघा भरल्या ४२. म्हणजे ६३० लिटर, माणशी १०५. सरकारच्या २०१९ च्या जल जीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी दररोज ५५ लिटरचे प्रमाण धरले आहे. आम्ही त्याच्या जवळजवळ दुप्पट वापरले होते. आणि आम्ही कोण? ज्यांच्या घरी नळाला एक दिवसाआड पाणी येते त्या मुली! माझ्या घरी चार माणसांना मिळून बारा बादल्या पुरतात. पैसे देऊन राहिलो एवढ्यानेच आमचे हात सैल झाले होते.

साबणाचा फेस

त्या घरी खोल्या झाडायला आणि चादरी धुवायला एक मावशी येत. वय पन्नाशीच्या पुढचे. विहिरीच्या कडेला दगडावर त्या पिवळ्या साबणाने चादरी घासत बसल्या असताना मी वही घेऊन शेजारी बसले. आधी त्या संकोचल्या. मग मी एका चादरीचे दुसरे टोक धरून पीळ घालू लागले, तेव्हा बोलत्या झाल्या. त्यांनी सांगितले की विहीर खारी व्हायला लागली हे चहात कळण्याआधी साबणाला कळते. एप्रिलात फेस कमी होतो, वडी लवकर झिजते, आणि धुतलेल्या चादरीवर पांढरट चिकटा राहतो. मग त्या काकूंना सांगतात आणि काकू पंप एक वेळ बंद ठेवतात.

मला एकदम आईचे शब्द आठवले. त्या रात्री ओटीवर जाऊन मी घरी फोन लावला. फोनच्या कर्ण्यावर बोलत होते, कारण लाटांच्या आवाजात ऐकू येत नव्हते. मी विचारले, "आई, पाणी जड झालं हे तुला कसं कळतं गं?" आई म्हणाली, "आगं, साबण फेसाळंना की वळखायचं. उन्हाळ्यात बोअरचं पानी खाली गेलं की चादरी दोनदा घासाव्या लागत्यात. त्याचे कोन पैसे देतंय?"

मागे माझ्या दोघी मैत्रिणी उभ्या होत्या. एक म्हणाली, "तुझी आई चादरी कुठल्या घासते?"

आता ते कारण सांगते. माझी आई पंढरपुरात एका लॉजमध्ये खोल्या साफ करते. लॉजचे नाव सांगण्याची जरुरी नाही. खोलीमागे पैसे मिळतात; खोली रिकामी तर हात रिकामे. आषाढी-कार्तिकीला मीही लहानपणापासून तिच्याबरोबर गेले आहे. गाद्या उलटणे, उशीचे अभ्रे काढणे, न्हाणीचा गाळ काढणे हे मला येते. परंतु अशा खोलीत किल्ली लावून, पाहुणी म्हणून, रात्र काढण्याची माझी ती पहिलीच वेळ. आमच्या घरात महाविद्यालयात पोहोचलेली मी पहिलीच. प्रवेशाच्या अर्जात 'आईचा व्यवसाय' या रकान्यात मी 'गृहिणी' लिहिले होते. कोणी तसे सांगितले नव्हते. माझे मीच लिहिले.

मी मैत्रिणींना खरे ते सांगितले. एकदोन क्षण कोणी बोलले नाही. मग जिने पहिल्या दिवशी नाक मुरडले होते तिनेच फोनकडे वाकून विचारले, "काकू, चादरीला वाळू चिकटली तर काय करायचं?" आई म्हणाली, "पान्यात घालायच्या आधी झटकायची बाई. ओली वाळू पानी लई खाते." पुढची दहा मिनिटे त्या दोघी विचारीत होत्या आणि आई सांगत होती. मी लिहून घेत होते.

फेसाचे शास्त्र मी परत आल्यावर ग्रंथालयात वाचले. समुद्राच्या पाण्यात मिठाखेरीज मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी संयोग पावून न विरघळणारा साका बनवितो. तो साका पुरता बनून झाल्याखेरीज फेस येत नाही. मावशींचा पांढरट चिकटा तो हाच. पंढरपूरच्या बोअरचे पाणी समुद्रापासून कोसोगणती दूर. तिथे क्षार खडकातून येतात. पण दगडावर चादर घासणाऱ्या दोन्ही बायांना पाण्याची परीक्षा एकाच खुणेने कळते, आणि दोघींनाही ती कोणी शिकविलेली नाही.

भाड्याचा हिशेब

शेवटच्या दिवशी काकूंनी मला त्यांची वही दाखविली. त्यांच्या हिशेबाने मागची खोली वर्षाच्या ३६५ रात्रींपैकी सव्वाशे रात्री भरते : दिवाळी, नाताळ, मे महिना आणि शनिवार-रविवार. जून ते ऑगस्टात समुद्र खवळलेला, किल्ल्याची होडी बंद, पाहुणा नाही. नऊशे रुपयांप्रमाणे सव्वाशे रात्रींचे झाले १ लाख १२ हजार ५०० रुपये. ते वर्षभरावर पसरले तर रात्रीला ३०८ रुपये पडतात. त्यांतून रंग, पंखा, विजेचे बिल, पंपाची दुरुस्ती आणि मावशींची मजुरी. तीही खोलीमागेच, आईसारखी. तेव्हा काकू पाहुण्याला लुबाडतात असे कोणी म्हणू नये.

पण वहीत दोन नावे नव्हती. एक काकूंचे स्वतःचे. पहाटे पाचला उठून अकरा माणसांची न्याहरी करणे, घावणे घालणे, चहाचे आधण ठेवणे याची मजुरी कुठेच मांडलेली नव्हती. मी विचारले तर हसून म्हणाल्या, "घरचाच काम मा ता." दुसरे नाव विहिरीचे. पंपाचा खर्च होता, पाण्याचा नव्हता. आम्ही ६३० लिटर उपसले त्याबद्दल कोणाच्या खात्यातून काही वजा झाले नाही. ते मे महिन्यात होईल, आणि तेव्हा आम्ही तिथे नसू. टँकर बोलवायचा की नाही हा विचार काकू करतील, आणि चादर दोनदा घासायची वेळ मावशींवर येईल.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला असे मिळाले. आमची खोली मागच्या बाजूला आहे आणि तिथून समुद्र दिसत नाही म्हणून ती पुढच्या खोलीहून पाचशे रुपयांनी उणी, हे वरवरचे उत्तर झाले. दोन्ही खोल्या मुळात स्वस्त आहेत त्या काही मोल वहीत न चढल्यामुळे. ते मोल आम्ही चुकविले नाही म्हणजे ते नाहीसे झाले असे नव्हे.

समारोप

यावरून अशा खोल्यांत राहूच नये असे मला मुळीच म्हणायचे नाही. उलट, आमच्यासारख्यांना समुद्र पाहायचा तर असल्याच खोलीत राहून पाहता येईल, आणि त्या पैशाने तिथले एक घर चालेल. पुढील वर्षी सहलीस जाणाऱ्या बंधुभगिनींना चार गोष्टी मात्र सांगाव्याशा वाटतात. खोली घेताना दृश्य पाहावे, तसेच पूर्वेला खिडकी आहे की नाही हेही पाहावे. समुद्रस्नान दिवसातून एकदाच करावे आणि वाळू आधी कोरडी झटकून मग दोन बादल्यांत अंग धुवावे. चादर तीन रात्री पुरते. ती रोज बदलून मागू नये. आणि निघताना, जिने खोली झाडली तिला विचारून तिच्या हातात काही द्यावे. काउंटरवर ठेवलेले तिला पोहोचतेच असे नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्या दारामागच्या खडूच्या रेघा २३ वर आल्या होत्या. मी एकटीने काही केले नाही. मैत्रिणीच एकमेकींना टोकत होत्या. निघताना आम्ही सहाजणींनी चादरी माडाखाली नेऊन झटकल्या आणि आई करते तशा, मळकी बाजू आत, घडी घालून मावशींच्या दगडाशी ठेवल्या. घडी कशी घालायची ते मी दाखविले.

परत आल्यावर अहवाल सादर केला. आमच्या विभागाच्या छापील क्षेत्र-अभ्यास नमुन्यात शेवटी 'माहिती देणाऱ्या व्यक्ती' असा तक्ता असतो : व्यक्ती, वय, गाव, व्यवसाय, अनुभवाची वर्षे. पहिल्या ओळीत घरमालकीण काकू, दुसऱ्या ओळीत मावशी. तिसऱ्या ओळीत मी लिहिले : माझी आई. वय ४१. पंढरपूर. लॉजमधील खोल्यांची सफाई व चादरी धुणे. १६ वर्षे.

सरांनी त्या ओळीखाली लाल शाईने रेघ मारून समासात लिहिले आहे, "पाण्याच्या कठीणपणाची निरीक्षणे महत्त्वाची. यांना एप्रिलात पुन्हा विचारावे." एप्रिल आता पंधरा दिवसांवर आला आहे. आईने साबणाच्या वड्या मोजायला सुरुवात केली आहे.